कोरोनात सुटलेली सिगारेट परत लागली, आता सुटंना. कुणाची टिकली असेल तर सांगा

उद्यमनगरचा लेथवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोय. वय ४३. कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप हाय, २ लेथ, १ ड्रिलिंग, मी आणि ३ पोरं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून सिगारेट, दिवसाला १०-१२.

२०२० च्या मार्चमध्ये जनता कर्फ्यू लागला तेव्हा माझ्याकडं २ पाकिटं होती, म्हटलं चार दिवसांचा तर प्रश्न हाय. मग २५ तारखेपासून सगळंच बंद झालं, शॉप बंद, पानपट्ट्या बंद. सुरुवातीला ओळखीनं मिळायची, दीडशेचं पाकीट तीनशेला, ते पण अर्धं शटर वर करून, आणि एप्रिलच्या मध्याला केंद्रानंच दारू तंबाखूची विक्री बंद केली तेव्हा तो मार्गही बंद झाला. घरात वडील, दम्याचे, खोल्या दोनच, ओढणार तरी कुठं. शेवटची सिगारेट मी मागच्या बोळात उभा राहून ओढली, अर्धी ओढून विझवली आणि थोटूक काडीपेटीत घालून ठेवलं, उद्यासाठी म्हणून. दुसऱ्या दिवशी ते पण संपलं.

पहिले तीन दिवस लई वाईट गेले. पोरीच्या हातनं कॅरमची सोंगटी खाली पडली म्हणून तिच्यावर एवढा ओरडलो की ती बोर्ड तसाच टाकून उठून गेली. झोप नाही, हाताला काय करायचं ते कळंना. पण आठवड्यानं हळूहळू बरं वाटायला लागलं, आणि पुढं दीड महिना एक पण नाही! कुणाच्या घरात मिसळीचा कट उकळायलाय ते गल्लीच्या तोंडाला वासानं कळायचं. मला खरंच वाटलं की सुटली.

जूनमध्ये शॉप चालू झालं. पहिल्याच दिवशी ११ च्या चहाला कोपऱ्यावर गेलो, मित्रानं पाकीट पुढं केलं, मी मास्क हनुवटीवर घेतला आणि पेटवली. विचार सुद्धा केला नाही. दिवाळीपर्यंत परत १२.

२०२१ ला दुसऱ्या लाटेत जवळच्या मित्राला ऑक्सिजन लागला, रात्री दोनला आम्ही बेडसाठी गाडी घेऊन फिरत होतो. त्या भीतीनं परत दोन महिने बंद. तो वाचला, घरी आला, आणि ऑगस्टमध्ये माझी परत चालू.

आता पोरगी दहावीला हाय. मी घरी आलो की ती काही बोलत नाही, फक्त माझं हेल्मेट उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवते, आत वास येतो म्हणून. रोज. ते बघून पोटात तुटतं.

माझा प्रश्न एवढाच हाय की कोरोनात दोनदा सुटली ती आता का सुटंना? आणि त्या काळात सोडून आजपर्यंत ज्याची टिकली त्यानं नेमकं काय केलं ते सांगा. मनाचा निर्धार करा वगैरे नको, ते घरातले रोज सांगतात.

---

गच्चीवरचा

भावा, माझं तर उलटं झालं. मी तेव्हा पुण्यात आयटीत, ऑफिसात असताना दिवसाला ४, कारण लिफ्टनं खाली जायचं, गेटच्या बाहेर उभारायचं, तेवढा वेळच नसायचा. लॉकडाऊनमध्ये घरी राजारामपुरीला आलो आणि वर्क फ्रॉम होम चालू झालं. कॉल संपला की जिना चढून गच्चीवर. कॉल लांबला तरी गच्चीवर. वर्षाखेरीला १५ वर गेलो होतो. रात्री दीड दोनपर्यंत जागायचो, बातम्यांत आकडे बघायचे, नोकरी राहते का जाते ते माहीत नाही, बोलायला कोण नाही, मग काय करणार, परत वर.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्या एकट्याचं नव्हतं. अमेरिकेत २०२० मध्ये सिगारेटची विक्री २० वर्षांत पहिल्यांदाच वाढली, २०२.९ अब्जवरून २०३.७ अब्ज, म्हणजे वाढ अगदी थोडीच, पण त्याआधी दरवर्षी ती कमीच होत आलेली. आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लाखो लोकांनी सोडली. कोण कुठं अडकला, घरात कोण होतं, ओढायला जागा होती का, यावर सगळं ठरलं असं मला वाटतं. तुझ्या घरी दोन खोल्या आणि दम्याचे वडील होते, माझ्याकडं मोकळी गच्ची होती.

सध्या ६ वर आहे. गच्चीची किल्ली आईकडं देऊन ठेवली तेव्हा १५ च्या ६ झाल्या, त्याच्या खाली येईना, त्यामुळं पुढचे रिप्लाय मीही वाचणार आहे.

---

वॉर्डातली सिस्टर

दादा, तुमचं हेल्मेटचं वाचून लिहावंसं वाटलं. दोन्ही लाटांत मी कोविड वॉर्डात ड्युटी केली. दुसऱ्या लाटेत आपल्या जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट राज्यात सगळ्यात वरच्यांत होता, बाकी जिल्हे उघडले तरी आपण बंदच होतो, ते सगळ्यांना आठवत असेल.

एक पेशंट होते, कागलच्या बाजूचे, साठीचे. नाकाला ऑक्सिजन, बोलताना दम लागतोय, आणि चादर बदलताना मावशींना उशीखाली बिडीचा कट्टा आणि काडीपेटी सापडली. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात काडीपेटी! माझे हातपाय गार पडले. काका म्हणाले, ओढत नाही हो ताई, जवळ असली की बरं वाटतं. १९ दिवसांनी घरी गेले, जाताना हात जोडून सांगितलं की आता आयुष्यात शिवणार नाही, आणि ते खरंच मनापासून बोलत होते. महिन्यानं तपासणीला आले तेव्हा शर्टच्या खिशात कट्टा होता. मला बघून खिशावर हात ठेवला त्यांनी. मला राग नाही आला, कारण तोवर मला कळलं होतं की भीतीचं औषध फार दिवस चालत नाही, छातीतला दम कमी झाला की भीतीही जाते आणि तलफ जिथं होती तिथंच असते.

तुमच्या प्रश्नाचं माझ्या परीनं उत्तर असं. निकोटिन बंद झालं की पहिले २-३ दिवस सगळ्यात जास्त त्रास होतो, चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही, आणि साधारण २ ते ४ आठवड्यांत तो ओसरतो. म्हणजे तुम्ही तो सगळा त्रास काढला होता, दोन्ही वेळा! जूनमध्ये तुमच्या शरीराला सिगारेट नको होती. चहाचा ग्लास, ११ ची वेळ, तो कोपरा आणि तो मित्र, हे सगळं एकत्र समोर आलं आणि हात आपोआप गेला. लॉकडाऊनमध्ये तुमची सिगारेट बंद होती तसा तो कोपराही बंद होता ना, त्यामुळं कोपऱ्यावर उभं राहून सिगारेट न ओढायची सवय तुम्हाला कधी झालीच नाही.

निकोटिनची गम मिळते, डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर शक्यतो ४ मिलिग्रॅमची सांगतात, नाहीतर २. ती च्युइंगमसारखी सारखी चघळायची नाही, हळू चावायची, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की परत चावायची. आणि चहाकॉफी घेतल्यावर १५ मिनिटं ती घेऊ नका, नीट लागू पडत नाही. चहाबरोबर घेऊन "गमनं काय होत नाही" म्हणणारे मी खूप बघितलेत. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो तो खरा आहे, सरकारी आहे, फुकट आहे, समोर माणूस बोलतो.

अजून एक, कारण हे अजून ऐकायला मिळतं. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसच्या एका हॉस्पिटलातून बातमी आली होती की त्यांच्या कोविड पेशंटांत सिगारेट ओढणारे कमी दिसतात, कदाचित निकोटिननं संरक्षण मिळत असेल. तो नुसता अंदाज होता. पण लोकांनी धाव घेतली म्हणून फ्रान्सला निकोटिन पट्ट्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली, आणि आपल्याकडं तर लगेच व्हॉट्सअपवर "सिगारेट ओढणाऱ्याला कोरोना होत नाही" असं फिरलं. ११ मे २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की ओढणाऱ्यांना झाला तर तो जास्त गंभीर होतो. तो व्हॉट्सअपवरचा मेसेज मला वॉर्डातल्या पेशंटच्या मुलानं दाखवला होता, वडील आत असताना.

---

पानपट्टी गंगावेस

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. वडलांची पानपट्टी हाय, ३० वर्षांची, आता मी बसतो. शिव्या द्या पण खरं तेच सांगतो.

लॉकडाऊन उठल्यावर पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी आलं. आम्हाला वाटलं धंदा गेला. एकजण तर उभारून म्हटला की मी सोडली, फक्त पान दे. १५ दिवसात तोच माणूस "एकच दे" म्हणून आला. एकच दे म्हणणारा परत येतोच, हे काउंटरवर बसून मी शेकड्यानं बघितलंय. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं सुट्टी सिगारेट बिडी विकायला बंदी केली ना, त्याचं सरकारी कारण सुट्टीवर धोक्याचं चित्र नसतं हे होतं, पण मी बघतो ते हे, पाकीट घ्यायला माणूस विचार करतो, एकाला करत नाही. ती बंदी किती पाळली जाते ते तुम्हाला रस्त्यावर दिसतंच, मी काय सांगू.

नुसतं बंद करून पण भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत २७ मार्च ते १७ ऑगस्ट २०२० सिगारेट विकायलाच बंदी होती, जवळजवळ पाच महिने, तरी तिथं चोरून चढ्या भावानं मिळतच होती. आपल्याकडं दीडशेचं तीनशेला झालं तसंच.

लेथवाले भाऊ, तुमच्या चहावाल्याला आणि शेजारच्या टपरीवाल्याला सांगून ठेवा की मला देऊ नको. गंमत नाही, माझ्याकडं दोघांनी असं सांगितलंय आणि मी देत नाही. एकजण दोनदा भांडला माझ्याशी. तिसऱ्यांदा आला तेव्हा बडीशेप घेऊन गेला.

---

शिवाजी पेठेतली सून

सिगारेटवर बोलताय म्हणून सांगते, बदल्यात दुसरं काही चालू होऊ देऊ नका. आमच्या ह्यांनी मास्कमुळं सिगारेट कमी केली आणि मावा चालू केला, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना. मास्कच्या आत तोंडात भरून ठेवायचा, कुणाला कळत पण नाही. रस्त्यात थुंकायला बंदी, मग गिळायला लागले. आम्ही घरात सगळे खूश की सिगारेट सुटली. दोन वर्षांनी तोंड उघडेना, तीन बोटं जायची ती दीड बोट. डॉक्टर म्हणाले सुपारीनं होतं हे. कॅन्सर नाही पण तो पुढं होऊ शकतो म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. तिखट अजिबात चालत नाही, घरात रविवारी तांबडा पांढरा होतो आणि हे दहीभात कालवून बसतात. महाराष्ट्रात तर ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच कितीतरी जास्त, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के होते.

भाऊजी, पोरगी बोलत नाही ना, तुम्ही बोला तिच्याशी.

---

डेपोतला काका

लेथवाल्या पोरा, माझी टिकली. मे २०२० पासून एक पण नाही, म्हणून लिहितो.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. दिवसाला दीड कट्टा बिडी. त्या मे महिन्यात परराज्यातल्या कामगारांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट सोडायच्या गाड्या निघायच्या, त्यात माझी ड्युटी लागली. एका गाडीत एक पोरगं सारखं खोकत होतं आणि सगळी माणसं त्याच्याकडं अशी बघायला लागली की त्याच्या आईनं पदरानं त्याचं तोंड दाबून धरलं. मला पण खोकला होता, बिडीचा. मी स्टेअरिंगवर दाबून धरला पार हद्दीपर्यंत. त्या दिवशी ठरवलं.

पण नुसत्या ठरवण्यानं टिकली नाही, सिस्टर म्हणतात ते बरोबर हाय. गाड्या परत चालू झाल्यावर मी तीनदा घसरलो असतो. मी काय केलं तर स्टँडवरचा चहाच बंद केला, तीन महिने पूर्ण. घरनं थर्मास न्यायचो आणि गाडीतच बसून प्यायचो, कंडक्टरला पण तिथंच द्यायचो. बाकीचे म्हणायचे काका फुगलाय. म्हणू दे. खिशात लवंगा. जेवण झालं की लगेच उठून चालायला लागायचं, कारण माझी जेवणानंतरची सगळ्यात अवघड होती. तलफ आली की घड्याळ बघायचो, पाच मिनिटांत ती जाते, दहा मिनिटं कधी टिकली नाही. सुरुवातीला खोकला वाढला, घाबरू नको, छाती साफ व्हायला लागली की होतं तसं, पुढं कमी झाला. पण महिनाभरात कमी नाही झाला किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर.

तीन महिन्यांनी चहाच्या गाड्यावर परत गेलो. पहिल्या दिवशी ग्लास अर्धा ठेवून माघारी आलो. दुसऱ्या दिवशी पूर्ण प्यालो.

---

उद्यमनगरचा लेथवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

सिस्टर, मी आजपर्यंत असं समजत होतो की दोनदा सोडून दोनदा लागली म्हणजे मी कच्चा माणूस. त्रास काढून झाला होता, कोपरा राहिला होता, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांकडं आज संध्याकाळी जातोय गमचं विचारायला. मला उठल्यावर १० मिनिटांत लागते त्यामुळं ४ ची सांगतील असं दिसतंय.

शॉपमध्ये इंडक्शन आणि पातेलं आणून ठेवलंय, चहा आतच करायचा, पोरांना पण सांगितलं. त्यातला एकजण म्हटला मालक मी पण सोडतो, तो २२ चा हाय. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला सांगितलं, तो हसला, मग म्हटला बरं, नाही देणार.

वहिनी, पोरीशी बोललो काल. जास्त नाही बोलता आलं. तिनं विचारलं कधीपासून, मी म्हटलं सोमवारपासून. ती म्हटली मग हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं का बघा, धुवून टाकते.