मदत हवी आहे: सपाट लाकडी छपरात झरोक्यासाठी कड्या कापाव्या लागतायत

घराला जोडून काढलेल्या खोलीवर सपाट लाकडी छप्पर घालतोय. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 3.6 मीटर, कड्या (छप्पर पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळया) 50 × 200 मिमी, 400 मिमी अंतराने. एक टोक भिंतीला बोल्टने आवळलेल्या आडव्या फळीवर, हँगरमध्ये (कडीचं टोक धरणारा धातूचा आधार). दुसरं नव्या भिंतीवर. ढाळ 40 ला 1, त्यासाठी कड्यांवर 90 मिमीपासून शून्यावर उतरणाऱ्या पाचरी. छपरावर दुरुस्तीपुरतंच चढायचं.

अडचण झरोक्याची. 900 × 1200 मिमी जागेसाठी मधल्या दोन कड्या कापाव्या लागतात. तात्पुरतं मांडून पाहिलं: झरोक्याच्या बाजूची, न कापलेली कडी एकेरी असली की मधोमध उभं राहिल्यावर पायाखाली लवते. दुहेरी केल्यावर बरं वाटलं, पण पायाच्या अंदाजावर छप्पर सोडायचं नाही. इंजिनिअरला दाखवणारच आहे. मध्ये खांब चालणार नाही.

बाजूच्या कड्या दुहेरी पुरतील की तिहेरी, आणि त्या खिळ्यांनी जोडायच्या की बोल्टने?