सातव्या प्रकरणाच्या दारात तीन महिने अडकले आहे, काय करू?

प्रश्न

कादंबरीची सहा प्रकरणं अडीच महिन्यांत हातावेगळी झाली आणि सातव्याला गाडं अडलं ते अडलंच. आता तीन महिने होतील. प्रसंग साधा आहे. वडील गेल्यावर धाकटी बहीण नऊ वर्षांनी घरी येते आणि थोरली दार उघडते. रोज पहाटे फाइल उघडते, पहिलं वाक्य लिहिते, वाचते, खोडते. काल जुन्या आवृत्त्या चाळल्या, तर त्या एका वाक्याचे एकवीस खर्डे निघाले. एकात कडी वाजते, एकात बेल, एकात दार आधीच उघडं. वाक्यं वाईट नाहीत, पण त्यांच्यामागून दुसरं वाक्य येतच नाही.

आठ दिवस सुट्टीही घेऊन पाहिली. परत बसले तेव्हा धास्ती आणखी वाढलेली. 'सुचेल तेव्हा लिहा' हा सल्ला कृपया नको. मला ही कादंबरी मनापासून पूर्ण करायची आहे.

उत्तर १

पहिलं वाक्य पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं तुम्ही ठरवून टाकलेलं दिसतंय. यावर अमेरिकेतल्या माइक रोझ यांचा १९८० चा अभ्यास आहे. दहा विद्यार्थी, त्यांतले पाच लिहिताना अडणारे, पाच न अडणारे. अडणाऱ्यांनी काही नियम दगडावरची रेघ मानले होते. सुरुवातीलाच वाचकाला पकडलं पाहिजे, असं एकीच्या मनात इतकं बसलं होतं की पहिल्या परिच्छेदातच तिचे तासन् तास जायचे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण एखादा आड आला की ते तो सरळ सोडून देत.

एक करून पाहा. स्क्रीन पूर्ण काळी करा आणि दहा मिनिटं टाइप करत राहा. लिहिलेलं दिसलंच नाही तर खोडणार काय?

उत्तर २

ताई, माझं मत थोडं वेगळं आहे. वाक्य चुकत नाहीये, मागे काहीतरी चुकलंय.

माझी एक दीर्घकथा सात महिने पडून होती. नायक भावाची माफी मागायला जातो, तो प्रसंग काही केल्या उभा राहीना. मी तोच घासत बसलो होतो. संवाद बदलले, खोली बदलली, पाऊस आणला, पाऊस काढला. शेवटी सगळी पानं छापून घेतली आणि समासात लाल पेनाने एकच गोष्ट लिहीत गेलो: या पानावर कुणाला काय हवंय? बावीस पानं समास भरत गेला आणि तेविसाव्यावर पेन थांबलं. तिथे मी दोघांमध्ये एक फोन घडवून आणला होता आणि बोलता बोलता भावाने त्याला माफ करून टाकलं होतं. मग पुढे माफी मागायला उरलंच काय? माझ्या हाताला हे कळलं होतं, मला कळलं नव्हतं.

तो फोन माझा फार लाडका होता. पावणेदोन पानं. काढताना जीव तुटला, पण त्याच संध्याकाळी पुढची दोन पानं झाली.

इंग्रजीत या अडण्याला 'रायटर्स ब्लॉक' हे नाव दिलं ते एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने, १९४७ मध्ये. त्याने कारण थेट बालपणात शोधलं. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा मागच्या वीस-तीस पानांतच सापडतं. तुम्ही म्हणता, थोरली दार उघडते. तिला ते उघडायचंय का, हे आधीच्या प्रकरणांत बघा.

उत्तर ३

वरचं पटलं. मी इंग्रज कादंबरीकार ट्रोलपसारखं घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहायचा प्रयत्न केला होता. महिनाभर शब्द भरले, कथा तिथेच. मला उपयोग झाला तो हेमिंग्वेच्या सवयीचा: पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं काम थांबवायचं. आज अडलेलं त्याने सुटणार नाही, पण एकदा सुटलं की दुसऱ्या दिवशी बसायची भीती उरत नाही. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ते दुखणं वेगळं असतं.

प्रश्नकर्ती, सहा दिवसांनी

झोप ठीक आहे, काळजीबद्दल आभार. सहाही प्रकरणं छापून समास भरले. चौथ्यात सापडलं. वडिलांनी धाकटीला लिहिलेलं पत्र थोरलीने पाठवलंच नाही, खणात ठेवून दिलं, असं मीच लिहिलंय. तेव्हा ते ओघात आलं आणि माझ्या डोक्यातून निघून गेलं. पत्र घरात असताना ती दार उघडायला धावेल कशी? आणि मी तिला तीन महिने धावायला लावत होते.

काल स्क्रीन काळी करून थोरलीच्या बाजूने लिहिलं. बाहेर बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज येतो. तिचा हात कडीवर आहे. ती हात मागे घेते, आत जाते, खण ओढून बघते, कुलूप लावते. साडेतीनशे शब्द झाले, निम्मे टायपिंगच्या चुकांनी भरलेले. एकही खोडला नाही. दार अजून बंद आहे. किल्ली ती कुठे ठेवते ते मला माहीत आहे, पण मुद्दाम लिहिलं नाही. उद्या पहाटे तिथूनच सुरू करणार आहे.