पाडवा की पिट्सबर्ग? आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

मंगळवार, १२ मार्च २०१३

बाबा: सर्वांना नमस्कार. एक गोष्ट स्पष्ट विचारतो. ११ एप्रिलला गुढीपाडवा आमच्याकडे, हे संक्रांतीलाच ठरलं होतं. सगळे हो म्हणाले होते. आज कळलं की छोटूने त्याच तारखेला पिट्सबर्गला निघणाऱ्या गाडीत जागा धरून ठेवली आहे. आणि हे मला त्याच्याकडून नाही, मेव्हण्यांकडून कळलं.

मामा: भाऊजी, बोलता बोलता निघून गेलं तोंडून. चुगली नव्हती.

बाबा: चुगली म्हणालो का मी?

आई: ११ तारखेला कोण कोण येणार ते कळवा. पुरण किती घालायचं ते ठरवायचंय.

छोटू: बाबा, अजून नक्की नाहीये. आमच्या लोवेल कॉलेजची आइस हॉकी टीम तिथपर्यंत पोचली तरच. फ्रोझन फोरच्या, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार कॉलेज टीमच्या, सेमीफायनल ११ ला आणि फायनल १३ ला. तारखा मी नाही ठरवल्या.

बाबा: डिसेंबरात तूच म्हणत होतास, यंदा काही खरं नाही म्हणून.

दादा: मीही म्हणत होतो. पहिल्या १२ मॅचमध्ये ४ जिंकलेल्या, ७ हरलेल्या, १ बरोबरी. मी माझं सीझन तिकीट ऑफिसातल्या एकाला देऊन टाकणार होतो. आणि आज लोवेल २२-१०-२ (विजय-पराभव-बरोबरी). म्हणजे नंतरच्या २२ पैकी १८ जिंकल्या. आपली लीग, हॉकी ईस्ट, १९८४ पासून आहे, लोवेल पहिल्या दिवसापासून त्यात आहे, पण टेबलात पहिलं कधीच नव्हतं. यंदा पहिल्यांदाच पहिलं आलंय.

आत्या: अभिनंदन हं. पण या वीकेंडला समोर मेन विद्यापीठ आहे, ते विसरू नका. आमची लेक, तुमची ताई, येतेय मॅचला मेनमधल्या ओरोनोहून.

मामा: आत्याबाई, मेन आठवं आहे. दहातल्या आठ टीम प्लेऑफला जातात, त्यातलं शेवटचं.

आत्या: आठवं तर आठवं. १९९३ साली आमच्या मेनने ४२ जिंकल्या होत्या, २ बरोबरीत. अख्ख्या सीझनमध्ये हरलो ती एकच मॅच.

मामा: आणि त्या एका मॅचमध्ये कोणी हरवलं? आमच्या बीयूने, बॉस्टन युनिव्हर्सिटीने! ओव्हरटाइमला, ७-६.

आत्या: वीस वर्षं झाली, एकाच मॅचवर पोट भरतंय यांचं.

मामा: आज बीयूला काही बोलू नका. काल जॅक पार्करनी निवृत्ती जाहीर केली. ४० सीझन एकाच कॉलेजचा कोच. २००९ ची फायनल मी त्यांच्यामुळे पाहिली. मायामी युनिव्हर्सिटी ३-१ ने पुढे, शेवटच्या मिनिटात आम्ही दोन गोल केले आणि ओव्हरटाइमला जिंकलो. काल बातमी वाचली तेव्हापासून जेवण गेलं नाही मला.

आई: अरे, जेवून घे रे. आणि ११ चं कळव. तू, वहिनी, दोन्ही मुलं, चार धरू ना?

बाबा: विषय भरकटतोय. मी एक साधा प्रश्न विचारला आहे.

ताई: मामा, खरंच वाईट वाटलं पार्करबद्दल. आमच्याकडेही सगळे तेच बोलतायत. (पण शनिवारी मी मेनचाच स्वेटर घालून येणार, छोटू.)

छोटू: ये ये. स्टुडंट सेक्शनमध्ये बसू नकोस फक्त.

आजोबा: शुभ प्रभात. उगवत्या सूर्याला नमस्कार. 🌞

दादा: आजोबा, संध्याकाळचे सात वाजलेत.

आत्या: अप्पांना काही म्हणायचं नाही. भाऊ, तुझं खरं दुखणं वेगळं आहे. फेब्रुवारीतल्या वादळात पोरं तीन दिवस इकडे आली नाहीत, ते तू अजून धरून बसलायस.

बाबा: अक्का, तो विषय नाही. पण निघालाच आहे तर, हो. दोघांपैकी एकानेही फोन उचलला नाही.

दादा: बाबा, ८ तारखेला दुपारी चारपासून गव्हर्नरने गाड्यांवर बंदी घातली होती. दोन फूट बर्फ. माझी गाडी आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या ट्रेने उकरून काढली. फोन चार्ज नव्हता.

बाबा: ठीक आहे.

आई: ११ ला कोण कोण?

आत्या: वहिनी, आम्ही तिघं. तुमचे स्टीलचे दोन डबे माझ्याकडे आहेत, तेव्हाच आणते.

आई: तीन आहेत.

आत्या: दोनच आहेत.

मामा: छोटू, तू मला एक सांग. टीम बदलली कशी? माझं म्हणणं, वेळापत्रक सोपं आलं उत्तरार्धात.

दादा: मामा, प्लीज. लीगमधल्या २७ मॅच सगळ्यांना सारख्याच टीमशी खेळायच्या असतात.

छोटू: मामा, बेंचवर बसलेला मुलगा खेळायला उतरवला, एवढंच झालं असं लोक म्हणतात. तसं नाहीये. थांबा, नीट लिहितो.

छोटू: कॉनर हेलबक. पहिल्या वर्षाचा गोली, म्हणजे गोलरक्षक. गेल्या साली टेक्सासमधल्या ओडेसाला ज्युनिअर हॉकी खेळत होता, तेलाच्या विहिरींच्या गावात. व्यावसायिक टीम तरुण खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये विनिपेगने पाचव्या फेरीत घेतला, १३० वा. म्हणजे कोणी डोक्यावर घेतला नव्हता. मी खालच्या रांगेतून बघतो म्हणून सांगतो, बाकीचे गोली पकवर (खेळायच्या रबरी चकतीवर) झेपावतात, हा झेपावतच नाही. सहा फूट चार इंच उंची, खांदे समोर, पक येतो आणि छातीला लागून जागेवर मरतो. धप्प असा आवाज येतो, बस. रिबाउंड नाही, म्हणजे पक उसळून परत जात नाही, तर दुसरा शॉट नाही. आणि मागे असा उभा असला की पुढचे डिफेन्समन घाबरून पक फेकत नाहीत, डोकं वर करून पास देतात. डिसेंबरात आमची गोची तिथेच होत होती, आपल्याच झोनमधून पक बाहेर काढता येत नव्हता. गोली एक बदलला, पण सहाही जण वेगळे खेळायला लागले.

मामा: हं. हे पटण्यासारखं आहे.

दादा: आणि कोच. नॉर्म बाझिन २०११ ला आला, तोही लोवेलमध्येच शिकलेला. त्याच्या आधीच्या सीझनला टीम ५-२५-४ होती. पाच विजय! पहिल्याच वर्षी २४ जिंकल्या, १९९६ नंतर प्रथमच एनसीएएला, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेला, गेलो. म्हणून ४-७-१ झाल्यावर मला जास्त लागलं होतं. वाटलं, एका वर्षाचा खेळ होता.

बाबा: छान. माहिती मिळाली. ११ तारखेचं काय?

छोटू: बाबा, आधी मेनशी तीनपैकी दोन जिंकायच्या. मग २२-२३ ला बॉस्टनला गार्डन स्टेडियममध्ये हॉकी ईस्टची सेमी आणि फायनल. मग महिन्याच्या शेवटी १६ टीमचं एनसीएए, एक हरलं की घरी. त्यातून चार उरतात.

बाबा: म्हणजे बहुधा हराल.

आत्या: शनिवारीच हरतील!

आई: बहुधा म्हणजे छोटूला धरू की नको?

दादा: बाबा, हे बरं नाही बोललात.

बाबा: मी माझ्या घरी सणाला माझी मुलं असावीत म्हणतोय. त्यात बरं-वाईट काय?

(वीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

आजोबा: तो आधीचा गोलरक्षक कोण होता? त्याचं काय झालं?

छोटू: आजोबा! डग कार. गेल्या वर्षीचे बहुतेक विजय त्याचेच.

आजोबा: मग आता तो बसतो?

छोटू: यंदाही खेळलाय, पण आता बहुतेक वेळा बसतो. बेंचवरचा गोली दार उघडतो, खेळाडू बर्फावरून आत-बाहेर करतात तेव्हा. एका मॅचमध्ये कितीतरी वेळा. मी पहिल्या पिरियडला पुष्कळदा पकऐवजी तेच दार बघत बसतो. गेल्या वर्षी अख्खं सभागृह ज्याचं नाव ओरडायचं त्याने दार वेळेवर उघडायचं. एकदाही उशीर झालेला मी पाहिला नाही.

आजोबा: हं.

आजोबा: मी नाशिकला शाळेच्या हॉकीत राखीव होतो. मातीच्या मैदानावर. तीन वर्षं. एक मॅच मिळाली.

आत्या: अप्पा, हे कधी सांगितलं नाहीत!

आजोबा: कोणी विचारलं नाही.

मामा: अप्पा, शनिवारी येता का मॅचला? मी घ्यायला येतो.

बाबा: मेव्हणे, त्यांचे गुडघे. तिथल्या पायऱ्या.

दादा: बाबा, लोवेलच्या सॉन्गस सेंटरला लिफ्ट आहे. वरून थेट आपल्या रांगेशी येता येतं, दोनच पायऱ्या उतरायच्या. माझं तिकीट अप्पांना. मी उभा राहीन.

आजोबा: त्या काराला बघायचं आहे मला.

आत्या: कार, अप्पा. डग कार.

आजोबा: तेच.

बाबा: थंडी असते आत. मफलर लागेल, लोकरीचे मोजेही. आणि कॉफी तिथली नको, घरून थर्मास नेऊ.

दादा: नेऊ?

बाबा: त्यांना एकट्याला कसा सोडू?

छोटू: बाबा, मी तुमच्यासाठी तिकीट बघतो आत्ताच.

बाबा: बघ. पाडव्याचं नंतर बोलू.

मामा: १४ ला रविवार आहे. फायनल १३ ला संपते. नुसतं सुचवतो.

आत्या: सण तिथीने असतो, मामा, सोयीने नाही.

बाबा: अक्काचं बरोबर आहे. गुढी ११ लाच उभी राहील. जेवणाचं बघू.

आई: म्हणजे जेवण ११ ला की १४ ला? मला डाळ किती आणायची ते सांगा कोणीतरी. आणि डबे तीन होते.