मदत हवी आहे: डिकन्सच्या 'अनकमर्शियल ट्रॅव्हलर'ची टिपांवाली आवृत्ती कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, डिकन्सच्या कादंबऱ्या बऱ्याच जणांनी वाचल्या असतील पण त्याचे हे फिरस्तीचे लेख कुणी नीट वाचलेत का? १८६० पासून तो स्वतःच्याच 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात लिहायचा ते. मी सध्या त्यातल्या 'नाइट वॉक्स' या लेखात पार अडकलोय, झोप येत नाही म्हणून माणूस रात्रभर लंडनभर चालतो, वॉटर्लू पुलावर टोलवाल्याशी बोलतो, न्यूगेट तुरुंगाच्या भिंतीला हात लावतो आणि पहाटे कव्हेंट गार्डनच्या बाजारात कॉफी, काय लिहिलंय राव! पहिल्याच लेखात 'रॉयल चार्टर' जहाज बुडाल्यावर प्रेतांची ओळख पटवत बसलेला पाद्री आहे, तो तर डोक्यातून जातच नाही.

प्रॉब्लेम असा की माझ्याकडची स्वस्तातली कॉपी आहे, एक टीप नाही की नकाशा नाही, त्यामुळे तेव्हाचे कायदे, वर्कहाउसचे (गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा) नियम, गल्ल्यांची नावं हे सगळं डोक्यावरून जातं. तर टिपा आणि जुन्या लंडनचा नकाशा असलेली आवृत्ती कुणाकडे आहे का, पुण्यामुंबईत कुठल्या लायब्ररीत मिळेल? आणि डिकन्सचंच सुरुवातीचं पुस्तक 'स्केचेस बाय बॉझ' क्रुकशँकच्या चित्रांसकट हवंय, तेही सांगा प्लीज.