पोरीनं रक्त दिलं, बापानं फोटो टाकला, यात चुकलं काय?

धानवाला, सिंदेवाही
काल माह्या फोटोखाली एकानं लिहिलं, ‘18 वर्षाच्या पोरीले रक्तदानाले नेऊन बाप मिरवून रायला.’ रात्रभर झोप नाही. पोरीले म्या नेलंच नाही जी. तिच्या वर्गातल्या मैतरणीले सिकलसेल हा रक्ताचा आजार, तिले रक्त लावतात तेव्हा ही दवाखान्यात संगं बसे. 18 पूर्ण झाले तशी शिबिरात गेली, बोटाचा थेंब त्या निळ्या पाण्यात टाकला तं वरच तरंगला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, परत पाठवलं. घरी येऊन रडली. मंग डॉक्टरले विचारून लोहाच्या गोळ्या, शेंगदाणा-गूळ, जेवल्यावर चहा बंद, असे तीन महिने. दुसऱ्या खेपेले थेंब दगडावानी बुडाला. 350 मिली दिलं. मले धान कापतानी फोन आला, बांधीतच बसलो. फोटो टाकला, टाकणारच.

मावशी, ब्रह्मपुरी
कौतुक तुमचं, पण फोटो पाहून आणखी दहा बाप पोरीले म्हणतील ‘तू कधी देतं?’ माह्या भाचीच्या कॉलेजात देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहीत. ती 43 किलोची, लाजेनं 46 सांगितलं, कोणी काट्यावर उभंच केलं नाही. घरी मोरीत चक्कर येऊन पडली, हनुवटीले चार टाके.

मूलवाला
मी मूल गावचा. पोरीचं सोडा, शिबिरं पाहा! नेत्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी जिकडेतिकडे मंडप, बॅनर, टिफिन वाटप. रक्ताची पिशवी टिकते 35 दिवसच. अन् मे महिन्यात कॉलेज बंद, लग्नसराई, शिबिर कोणी घेत नाही. बायकोच्या बाळंतपणात मे मध्येच दोन पिशव्यांसाठी तीन गावं फिरलो, रक्तपेढीवाला म्हणे आधी डोनर आणा.

नागभीडचा भाऊ
टिफिन देतात म्हणून तरी पोट्टे येतात. मंडप बंद केले तं तेवढंही रक्त जाईन.

मूलवाला
रक्त टिफिनवर मोजता? पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे देशात. मंग वस्तू दाखवून बोलावणं काय वेगळं?

नागभीडचा भाऊ
लय शिकवू नका. स्वतः किती वेळा दिलं?

मूलवाला
22 वेळा. टिफिन एकदाही घेतला नाही. कार्ड टाकू इथं?

नागभीडचा भाऊ
नका टाकू. 22 वेळा दिलं तं बोला बापा, तुमचा हक्क आहे. पण पोट्ट्यांले शिव्या देऊ नका.

धानवाला, सिंदेवाही
माह्या पोरीवरून निघाले अन् बॅनरवर जाऊन भांडून रायले सारे. मावशी, वजनाचं तुमचं बरोबर. 45 च्या खाली घ्यायचंच नसते, काट्यावर उभं केलंच पाहिजे. पण तो दोष शिबिरवाल्याचा, देणाऱ्या लेकराचा नाही.

मावशी, ब्रह्मपुरी
बरं, एवढं मानते. पण थेंब तरंगला, पोरगी परत आली, तीन महिने थांबली, हे फोटोखाली लिहायचं होतं ना. तेच तं पोरीले सांगायचं असते. नुसता हसरा फोटो टाकला म्हणून मी बोलली.

एक माय
माह्या पोराले सिकलसेल आहे, 9 वर्षाचा. पिशवीवर नाव नसते, गट अन् तारीख असते. कोणाले आशीर्वाद द्यावा कळत नाही. दादा, पोरीचा गट कोणता?

धानवाला, सिंदेवाही
ओ पॉझिटिव्ह, ताई. बायांले चार महिन्यांनी पुन्हा देता येते, म्हणजे मार्चात. पोरगी बाजूले बसून हे वाचून रायली, म्हणते मार्चात नाही, मे मध्ये देते, तेव्हा कोणी देत नाही म्हणून.