कष्ट केले की माणूस वर येतोच असं मानणारे लोक गरिबांच्या हक्कांवर इतके का भडकतात?

नदीकाठ:
वाद घरातला आहे पण फक्त माझ्याच घरातला नसावा म्हणून इथे टाकतेय. पप्पा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, नाइट, ओव्हरटाइम सगळं करून आम्हा भावंडांना शिकवलं, त्याची जाणीव मला आहे. पण त्यातूनच त्यांचं पक्कं मत झालंय की कष्ट करणारा वर येतोच, आणि जो खाली राहिला तो आळशी नाहीतर दारुडा. लाडकी बहीणचे 1500 म्हणजे फुकटची सवय, आरक्षण म्हणजे शॉर्टकट, रोजगार हमी म्हणजे टाइमपास. माणूस मनाने वाईट अजिबात नाही, दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत, पण तोच माणूस हक्क म्हणून मागायला लागला की यांचा पारा चढतो. कष्टावरचा विश्वास आणि सामाजिक न्याय यांचं जमत का नाही?

बालाघाट:
मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडं वर्ग निम्मे रिकामे होतात, आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही जातात. हिशेबाला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. अंधारातच फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, मग ती मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रॉलीत चढते, रात्री गाडी आली तर रात्री भरायची, आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येऊन चूल तिनंच पेटवायची. पाळीमुळं एक खाडा झाला तरी दंड कापतात. 2019 ला सरकारी समितीनं बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली तर 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यांना आळशी कोण म्हणेल? तोडणीचा दर 273 वरून टनाला 366 झाला जानेवारी 2024 मध्ये, तो काही कोयता जोरात चालवला म्हणून नाही झाला, संघटनांनी लावून धरलं आणि कारखान्यांच्या साखर संघाला बोलणी करावी लागली म्हणून झाला. कष्ट तेवढेच होते ओ, भाव बदलला.

पंचगंगा:
गुरुजी, तुमचं पटतंय पण माझी बाजू पण ऐका. मी ऊस लावणारा आहे. तोडणाऱ्यांची टोळी फडात आली की एंट्री, म्हणजे वरचे पैसे, मागते, ड्रायव्हर वेगळे मागतो, नाही दिले तर ऊस वाळत उभा. भांगलायला माणूस मिळत नाही. कष्टाची किंमत आहे हे पोरांना शिकवलंच नाही तर उद्या शेतात उतरणार कोण? त्या पप्पांना एकदम चुकीचं ठरवू नका.

बालाघाट:
एंट्रीचा त्रास खराच आहे दादा, तो व्हायलाच नको. पण उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, कायद्यानं मिळते ना, 2024-25 ला टनाला 3400 होती, आणि ती थकली की आपण रस्त्यावर उतरतो, कारखान्याच्या गाड्या अडवतो. तेव्हा तुम्हाला कुणी फुकटे म्हटलं तर कसं वाटेल? तोडणाऱ्याला तसला कायद्याचा भाव नाही, म्हणून तो तुमच्याकडं हात पसरतो आणि तुम्ही दोघं एकमेकांवर चिडता.

स्वारगेट_डेपो:
नदीकाठ, पप्पांच्या ओव्हरटाइमपासूनच बोलणं सुरू करा. जादा तासांना दुप्पट पैसे 1948 च्या कारखाने कायद्यात होते. त्याआधी 1946 ला आठवड्याचे 54 तासांचे 48 झाले, ते बिल व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे असताना त्यांनी आणलेलं. म्हणजे पप्पांचे कष्ट खरे, पण त्या कष्टातून तुमची फी निघाली ती पीएफ, ठरलेला पगार, युनियन हे सगळं पाठीशी होतं म्हणून. पुण्या-मुंबईच्या बाजारातले हमाल पण आधी तेच पोतं उचलायचे, 1969 च्या माथाडी कायद्यानंतर त्याच पोत्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी लागू झाली.
आणि रोजगार हमीला ते टाइमपास म्हणतात याचं मला खूप वाईट वाटलं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी फुकट धान्य नाही, काम मागितलं, बायकांनी उन्हात बसून खडी फोडली, आणि त्यातूनच आपल्या राज्यात कामाचा हक्क कायद्यात आला. त्याच्या खर्चासाठीच 1975 ला व्यवसाय कर लागला, पगारातून महिन्याला जे 200 रुपये कापले जातात ना तोच. आयुष्यभर पप्पांनी पण तो भरलाय. कष्टावर विश्वास आहे ना त्यांचा, मग ही योजना तर त्यांचीच आहे, हे त्यांना अभिमानाने सांगा, भांडून नको.

नदीकाठ:
व्यवसाय कराचं मला खरंच माहीत नव्हतं. जुन्या पगार स्लिपा एका पिशवीत आहेत त्यांच्याकडे, रविवारी घेऊन बसते. आरक्षणावर मात्र एवढ्याने भागणार नाही, तिथे कष्टाला सुरुवात कुठून करायला मिळते हाच मुद्दा आहे, त्यावर कुणी लिहील का?