मदत हवी आहे: अतिजलद चार्जरच्या जोडीला बॅटरी किती क्षमतेची घ्यावी?

नमस्कार. पुणे-बंगळूर महामार्गावर कराडजवळ आमचे उपाहारगृह असून तेथे विजेवरच्या गाड्यांसाठी २४० किलोवॅटचा सीसीएस-२ (मोटारींच्या जलद चार्जिंगची प्रचलित जोडणी) चार्जर बसवण्याचा विचार आहे. चार्जरला देता येईल असा वीजभार मात्र १०० किलोवॅटच आहे. म्हणून गाडी नसताना बॅटरी भरून ठेवायची आणि गाडी लागताच उरलेले १४० किलोवॅट तिच्यातून द्यायचे, असे ठरवले आहे.

वीस मिनिटांच्या चार्जिंगला बॅटरीतून सुमारे ४७ युनिट जातील, म्हणजे २१५ युनिटांचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचे कपाट लागोपाठ चार गाड्यांना पुरेल, असा हिशेब मी वहीत मांडला होता. पण माहितीपत्रकात त्याच कपाटाची कमाल शक्ती १०० किलोवॅट दिसली आणि सगळे गणित तिथेच अडले. साठा पुरेसा असला तरी तो हव्या त्या वेगाने बाहेर येईलच असे नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

अशा वेळी दोन कपाटे घ्यावीत, की जास्त वेगाने वीज देणाऱ्या सेलचे एकच घ्यावे? उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा द्रवशीतन (द्रव खेळवून बॅटरी थंड ठेवणे) अनिवार्य समजावे का? शिवाय मोकळी जागा स्वयंपाकघरामागे, गॅस सिलिंडरांच्या जाळीलगतच आहे. मला ती धोक्याची वाटते. प्रत्यक्ष अशी उभारणी केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.